दुपार टाळणारे दिग्दर्शक

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडचा माणूस बाराच्या खेळाला जातो तो बहुतेकदा पिक्चरसाठी जात नाही, एसीसाठी जातो. बाहेर पारा ४५ च्या पुढे सरकलेला, डांबर चपलेला चिकटतंय, तोंडाला रुमाल गुंडाळलेला, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. ‘ऊन भलतं पडी राह्यनं’ एवढंच काय ते बोलणं. तिकीट फाडून आत गेलं की डोळे जरा वेळानं अंधाराला सरावतात आणि पडद्यावर एक गाव दिसायला लागतं. त्या गावात कायम संध्याकाळ असते. गुरं परत येत असतात, धुळीच्या कणाकणाला सोन्याची कड असते, नायिकेच्या केसांतून मागचं ऊन गळत असतं, जोडीला बासरी. ज्या उन्हातून माणूस आत आला, ते त्या गावात जन्मात कधी पडलेलं नसतं.

माझी नावडत्या दिग्दर्शकांची यादी इथूनच सुरू होते. ‘अमका ओव्हररेटेड आहे’ असं कट्ट्यावर म्हणायला काही लागत नाही. नेमकं काय खटकतं ते बोट ठेवून दाखवायचं तर मात्र त्याच्या निर्णयापर्यंत जावं लागतं: कॅमेरा कुठे ठेवला, कुठल्या वेळी ठेवला, किती वेळ चालू ठेवला. माझं बोट दुपारवर आहे. जो दिग्दर्शक दुपार टाळतो, तो बहुधा आणखीही बरंच काही टाळत असतो.

दुपार टाळायला तांत्रिक कारण आहे आणि ते खोटं नाही. जळगाव २१ अक्षांशावर येतं. मेच्या २५ तारखेच्या आसपास, साडेबाराच्या सुमाराला, सूर्य इथे बरोबर डोक्यावर असतो. खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा होते. या उजेडात माणसाचा चेहरा वाईट दिसतो. कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढरे फटक, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे, नाकाखाली सावलीची मिशी. त्यात आपली जमीन काळी. वाळूवरून किंवा पांढरट मातीवरून ऊन उसळून वर येतं आणि चेहऱ्याची खालची बाजू आपसूक उजळते. कपाशीची काळी जमीन ऊन गिळून बसते, परत काही देत नाही. रावेर-यावलच्या केळीबागेत शिरावं तर वेगळीच पंचाईत. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो आणि गोरी असो सावळी असो, कातडीवर काविळीसारखी झाक येते. मग रंग दुरुस्त करणारा माणूस चेहरा ताळ्यावर आणायला चित्रात किरमिजी वाढवतो, चेहरा सुधारतो आणि केळीचं पान मळकट होतं. दोन्ही एकदम हवे असतील तर चेहरा वेगळा कापून त्याच्यापुरतीच दुरुस्ती करावी लागते, आणि माणूस हलला की ती कापलेली कड त्याच्यासोबत चालवावी लागते. ते काम वेळखाऊ, म्हणून घाईच्या पिक्चरमध्ये बागेतला प्रसंग बागेबाहेर बांधावर येतो.

कॅमेऱ्याचं गणितही बघा. आजच्या बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांची मूळ संवेदनशीलता ८०० आयएसओच्या आसपास असते. सेकंदाला २४ फ्रेम, शटर १/४८. लख्ख उन्हात भिंगाचं तोंड एफ १६ पर्यंत मिटलं तरी चार स्टॉप उजेड जास्तच होतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). मागचं शेत धूसर करून नायकाला उठाव द्यायचा म्हणून एफ ४ वर यायचं तर आठ स्टॉप कापायला हवेत, म्हणजे २.४ चा एनडी फिल्टर, उजेड अडवणारी करडी काच. एवढ्यानं उजेड कमी होतो, डोळ्यांतले खड्डे काही बुजत नाहीत. ते बुजवायला डोक्यावर स्किमर ताणतात, २० बाय २० फुटांच्या चौकटीत पांढरं कापड, आणि खालून थर्माकोलचे पत्रे. खान्देशात मेच्या दुपारी जो वारा सुटतो, त्यात त्या कापडाचं शीड होतं. चारही कोपऱ्यांना दोर, प्रत्येक दोराला एक माणूस आणि वाळूची गोणी, तरी फडफड आवाजात येतेच.

खरी गडबड पुढे होते. कापड फक्त जवळच्या शॉटला लावता येतं. लांबच्या शॉटमध्ये ते स्वतःच दिसतं. म्हणजे लांबून माणूस कडक उन्हात, जवळून तोच माणूस मऊ सावलीत. दोन्ही जोडले की एकाच वाक्याचा पहिला अर्धा भाग दुपारी बारा वाजता आणि उरलेला ढगाळ दिवशी बोलल्यासारखा वाटतो. एकदा हे लक्षात आलं की मोठमोठ्या नावांच्या पिक्चरमध्येही ते सुटत नाही.

म्हणून सगळे संध्याकाळकडे पळतात. आपल्याकडे सूर्य सहा अंशांवर उतरला की पंचवीस-तीस मिनिटांत मावळतो. नाव ‘गोल्डन अवर’, मिळतो अर्धा तास. एवढ्यात धड तीन-चार शॉट होतात. प्रेम जमलं ते त्याच अर्ध्या तासात, बाप मेला तोही त्याच अर्ध्या तासात, कर्जाची नोटीस आली तीही. गावात दिवसाचे बाकीचे प्रहरच शिल्लक राहत नाहीत.

या फॅशनचं मूळ टेरेन्स मॅलिकच्या ‘डेज ऑफ हेवन’पाशी (१९७८) नेऊन ठेवतात. त्याचा कॅमेरामन नेस्तोर आल्मेंद्रोस. गोष्ट टेक्सासची, चित्रीकरण कॅनडातल्या अल्बर्टात. सूर्य बुडाल्यावर उरणाऱ्या वीसेक मिनिटांच्या उजेडात त्यांनी पिक्चरचा मोठा भाग काढला आणि आल्मेंद्रोसला ऑस्कर मिळालं. मॅलिक मला कंटाळवाणा वाटतो, हे सांगून टाकतो. पण त्या पिक्चरमध्ये शेतमजूर राबताना दिसतात, टोळधाड येते, पीक जळतं; उजेडाला काहीतरी काम दिलेलं आहे. नक्कल करणाऱ्यांनी काम सोडलं आणि उजेड तेवढा उचलला. अल्बर्टात सूर्य तिरका उतरतो, संधिप्रकाश रेंगाळतो. आपल्याकडे तो सरळ खाली जातो आणि पटकन अंधार पडतो. पद्धत तिकडची, आकाश इकडचं. चित्रीकरणाचे दिवस वाढतात आणि पदरी तीच सोन्याची कड पडते.

उलट उदाहरण सत्यजित राय यांचं. ‘अपराजितो’साठी (१९५६) बनारसच्या घराचं अंगण कोलकात्याच्या स्टुडिओत उभं केलं होतं. तशा घरात ऊन थेट खाली येत नाही, वरच्या चौकोनी आकाशातून नुसता उजेड झिरपतो आणि कुणाचीच धड सावली पडत नाही. कॅमेरामन सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि परतून आलेल्या उजेडात चित्रीकरण केलं. राय यांच्याही काही उत्तरकालीन पिक्चरमध्ये माणसं खुर्च्यांवर बसून बोलतच राहतात, ते मला जड जातं. पण हा एक निर्णय बघितला की हा माणूस उगाच मोठा ठरलेला नाही हे कळतं. तिथे आधी त्या घराचा उजेड कसा असतो हे कुणीतरी नीट बघितलेलं आहे.

आणि बघायचंच म्हटलं तर खान्देशात उपाय समोर पडलेले आहेत. माणसाच्या खांद्यावर पांढरा रुमाल असतो. दुपारी तो हनुवटीखाली थोडा उजेड परत टाकतो. कापूस वेचणारी बाई पाहा. वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते, तेव्हा सूर्य कललेला असतो. सकाळी निघताना ओटी रिकामी असते आणि वाकलेला चेहरा काळा दिसतो. ओटी जसजशी भरते, तसतसा त्याच चेहऱ्यावर खालून उजेड चढत जातो. पोटाशी बांधलेला कापूस म्हणजे आयता थर्माकोल. ओटी गाठोड्यात रिकामी केली की चेहरा पुन्हा विझतो. हे दहा मिनिटं न कापता दाखवलं तर मजुरीचं गणितही त्यातच येईल, पार्श्वसंगीत लागणार नाही. असा शॉट काढणारा दिग्दर्शक मी तरी पाहिलेला नाही. कपाशीच्या शेतात गाणी मात्र पुष्कळ झाली.

आता नावं. संजय लीला भन्साळी माझ्या यादीत वर आहेत. झुंबरं, आरसे, दिवे, पदर, आणि त्यांच्याभोवती गरगरणारा कॅमेरा. ही मेहनत खोटी नाही, पण लोक ज्याला दिग्दर्शन म्हणून डोक्यावर घेतात त्यातला मोठा वाटा कलादिग्दर्शक, वेशभूषाकार आणि नृत्यदिग्दर्शकाचा असतो. दिग्दर्शकाचं काम तिथे सुरू होतं, जिथे दोन माणसं रिकाम्या खोलीत उभी असतात. भन्साळींकडे खोली रिकामी अशी नसतेच. बाजीराव पेशवे वारले ते रावेरखेडीला, २८ एप्रिल १७४० रोजी, नर्मदेच्या काठी. म्हणजे सातपुडा ओलांडला की पलीकडे. एप्रिलअखेरचं निमाडचं ऊन खान्देशवाल्याला समजावून सांगायला नको. छावणी, ज्वर, पातळ झालेली नदी, तंबूच्या कापडातून तापत येणारी दुपार. चाळिशीही न गाठलेला सेनापती लढाईत नाही, उन्हातापात गेला. एवढं जबर सत्य आयतं हातात असताना ‘बाजीराव मस्तानी’त (२०१५) तो भासातल्या सैन्यावर तलवार चालवत नदीत उतरतो आणि त्याच्या आणि मस्तानीच्या मृत्यूचे शॉट आलटूनपालटून जोडत ताल धरला जातो. त्या शेवटात घाम आहे, ऊन नाही.

नागराज मंजुळे यांच्याबद्दल माझं मत दुभंगलेलं आहे. ‘सैराट’च्या (२०१६) पूर्वार्धातला स्लो मोशन मला जास्त वाटतो. स्लो मोशनचा हिशेब सोपा असतो: ९६ फ्रेमनं काढलेलं दहा सेकंदांचं धावणं पडद्यावर चाळीस सेकंद चालतं. एकदा चालतं, तिसऱ्यांदा ती सवय होते, आणि गाणं चालू असेल तर प्रेक्षक धावण्याऐवजी गाणंच ऐकतो. पण हाच दिग्दर्शक पळून गेलेल्या जोडप्याला हैदराबादला नेतो आणि सगळं उतरवून ठेवतो. पत्र्याची खोली, सपाट उजेड, भांडणं, पैशांची ओढाताण. आणि शेवटी आवाजच काढून घेतो. तो शेवट पाहून बाहेर पडलेली माणसं बराच वेळ बोलत नव्हती, हे खान्देशातही सगळ्यांनी पाहिलंय. गंमत अशी की पुढच्या नकलाकारांनी पूर्वार्ध उचलला. विहीर, ऊस, ट्रॅक्टर, धावणं. उत्तरार्ध कुणाला नको होता.

शांतारामबापूंचं तर चुकीचं कामच मोठं धरलं गेलंय. ‘नवरंग’ (१९५९) आठवत लोक हळवे होतात. मला तिथे रंगाची दुकानदारी दिसते. त्याच्या बावीस वर्षं आधी, १९३७ मध्ये, ‘कुंकू’ करताना या माणसानं पार्श्वसंगीत पूर्ण वर्ज्य केलं होतं. घड्याळ, दार, पावलं, ग्रामोफोन, जे प्रसंगात आहे तेच ऐकू येणार. बोलपट आपल्याकडे येऊन जेमतेम सहा वर्षं झालेली, आणि हा माणूस संगीत वजा करून दाखवतो! आजचा दिग्दर्शक बिऱ्हाडात चहा उकळतानाही व्हायोलिन लावतो.

आवाजाचं निघालंच आहे तर क्रिस्टोफर नोलन. ‘ओपनहायमर’ची (२०२३) आयमॅक्स फिल्मची प्रिंट सुमारे १८ किलोमीटर लांब आणि २७० किलोच्या आसपास वजनाची होती, आणि ती तशी दाखवू शकणारी थिएटरं जगात तीसेक. बाकी दुनियेनं, म्हणजे धुळे-जळगावनं, ते डिजिटल फाइलवर बघायचं. इथवर तक्रार नाही. तक्रार संवादांची आहे. ‘टेनेट’मध्ये (२०२०) माणसं मास्कमधून बोलतात, वर संगीत कोसळत राहतं, आणि पुन्हा डबिंग करून घेणं हे दिग्दर्शकाला मान्य नाही. बाहेर आल्यावर एकच निकाल: ‘भारी व्हता, पन काहीच समजनं नई.’

पण इथे थोडा न्याय केला पाहिजे, कारण निम्मा दोष टॉकीजचा असू शकतो. मिक्सिंग करताना आवाजाची जी पातळी धरतात, ती थिएटरच्या प्रोसेसरवर फेडर, म्हणजे आवाजाचं बटण, ७ ला ठेवलं की मिळते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तो पाचावर किंवा त्याहून खाली असतो. जाहिराती कर्कश असतात, कुणीतरी ओरडतं, एखादा स्पीकर फाटलेला असतो, म्हणून ऑपरेटर खाली आणतो आणि तसाच ठेवतो. धमाके तरीही पुरेसे वाजतात, कुजबुज मरते. पडद्याचंही तेच. पडद्यावरच्या उजेडाचं ठरलेलं प्रमाण १४ फूट-लॅम्बर्ट. प्रोजेक्टरचा झेनॉन दिवा ठरलेल्या तासांच्या पुढे ताणला की पडदा त्याच्या कितीतरी खाली जातो आणि रात्रीच्या प्रसंगाचा चिखल होतो. तेव्हा दिग्दर्शकाला शिवी देण्याआधी तोच प्रसंग घरी बऱ्या हेडफोनवर ऐकावा. ‘टेनेट’ मी म्हणतोय तो हेडफोनवरही कळत नाही, तो भाग वेगळा.

नावड तपासायची माझी रीत फार शास्त्रीय नाही. पाच मिनिटांचा तुकडा घ्यायचा, आवाज बंद करायचा आणि कट झाला की कागदावर रेघ मारायची. ७५ रेघा झाल्या तर सरासरी शॉट चार सेकंदांचा. मारामारीत हे ठीक. आई-मुलाच्या बोलण्यातही तोच आकडा आला तर दिग्दर्शकाला नटांवर भरवसा नाही किंवा नटांना वाक्यं पाठ नाहीत. मग तोच तुकडा डोळे मिटून ऐकायचा. घर, शेत, बसस्टँड तिन्ही ठिकाणी आवाज सारखाच घुमत असेल तर सगळं एका डबिंगच्या खोलीत झालंय.

आणि डोळे मिटले की भाषा उघडी पडते. मराठी पिक्चरमधला खेडूत कुठलाही असो, तो ‘न्हाई’, ‘काय बी’, ‘ठावं’ असंच बोलतो. सातारा-कोल्हापूरकडचं बोलणं म्हणजे गावरान, असं ठरून गेलंय. आमच्याकडे ‘आहे’चं ‘शे’ होतं, ‘मला’चं ‘माले’, आणि हे झालं नुसतं अहिराणीचं. तापीकाठची लेवा बोली वेगळी, तावडी वेगळी, नंदुरबारच्या डोंगरात भिली, मावची, पावरी. हे न येणं मी दोष मानत नाही. दोष तेव्हा, जेव्हा नटाच्या तोंडी सहा शब्द घालून वाक्याची चाल पुण्याचीच ठेवतात. ‘शे’ घातल्यानं अहिराणी होत नाही. क्रियापदाचा शेवट बदलतो, हेल बदलतो, ‘करी राह्यना’ म्हणताना दम कुठे घ्यायचा ते बदलतं. यासाठी बोली शिकवणारा माणूस सेटवर रोज लागतो, वाचनाच्या दिवशी एकदा येऊन भागत नाही, कारण नट थकला की चौथ्या टेकला आपल्या घरच्या भाषेवर घसरतो.

कारण अर्थात पैसा. मुंबई-पुण्याहून वाई, भोर जवळ; गाड्या, जनरेटर, माणसं संध्याकाळी परत नेता येतात. जळगावला युनिट न्यायचं म्हणजे मुक्काम आला. त्यामुळे ‘स्वदेस’मधलं (२००४) उत्तर प्रदेशातलं गाव वाईजवळच्या मेणवलीत उभं राहतं, ‘गंगाजल’मधला (२००३) बिहारही वाईलाच. आशुतोष गोवारीकरांनी ‘लगान’ (२००१) कच्छमध्ये नेऊन, जागेवरच आवाज ध्वनिमुद्रित करून केला, आणि त्यातली दुपार मला पटते. माणसं आभाळाकडे बघतात तेव्हा त्यांना खरंच काहीतरी टोचत असतं. पुढचे त्यांचे भव्य ऐतिहासिक पिक्चर मी निमूटपणे सोडून देतो. श्याम बेनेगल यांच्याबद्दलही ‘फार कोरडे’ अशी तक्रार ऐकू येते. ‘मंथन’मधली (१९७६) स्मिता पाटील पाहा. शिरपूरच्या घरातली ही मुलगी कुठल्याही शॉटमध्ये उजेडाला घाबरलेली दिसत नाही, आणि तिला सोन्याची कड लावावी असं तिथे कुणाला वाटलेलं नाही.

मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ कुणाला बघा म्हणून सांगायची माझी हिंमत नाही. ड्रायव्हर नवऱ्याची भाकरी घेऊन बाई रस्त्यावर बसची वाट बघते, बस येत नाही, आपणही वाट बघतो. कॅमेरामन के. के. महाजन यांनी तो मुख्यतः दोनच भिंगांवर काढलेला आहे, २८ आणि १३५ मिलिमीटर. एकात सगळंच स्पष्ट, दुसऱ्यात एक बोट सोडून सगळं पुसट. मधली, डोळ्यासारखी नजर मुद्दाम नाही ठेवलेली. कंटाळा येतो, भरपूर येतो. पण तो दुपारचा कंटाळा आहे, चाळीसगावच्या फाट्यावर एसटीची वाट बघताना येतो तोच. त्यामुळे कौल यांना मी यादीतून काढलं. आवडले म्हणून नव्हे.

राहता राहिलं मालेगाव. जिल्हा नाशिक, पण गिरणा तिथून खालीच येते आणि बोलण्यातला खान्देश लपत नाही. शेख नासिर यांनी २००० साली ‘शोले’ची नक्कल केली. सायकलवर कॅमेरा धरून ट्रॉली, बैलगाडीच्या दांड्यावर माणूस चढवून क्रेन. दिव्यांना पैसे नाहीत, म्हणून फुकटचं ऊन हाच दिवा. विनोद ढोबळ, ताल सुटलेला, आणि या प्रकाराचं शहरात जे कौतुक झालं त्यातलं निम्मं मला ‘बघा, गरिबांनी केलं’ छापाचं वाटतं. तरी एक गोष्ट तिथे मिळते. मोठ्या युनिटमध्ये नटाला उन्हाकडे तोंड करून उभं करतात तेव्हा त्याला डोळे मिटून ठेवायला सांगतात. ॲक्शन म्हटलं की उघडायचे. चार-पाच सेकंद डोळे नीट उघडे राहतात, तेवढाच भाग ठेवतात, पाणी यायच्या आत कट. बिनपैशाच्या पिक्चरमध्ये एवढी चैन नसते. वाक्य लांब असतं, टेप जपून वापरायची असते, ऊन समोरून असतं. नट कपाळाला हात लावतो, डोळे बारीक करतो, तोंड वाकडं होतं, आणि वाक्य संपेपर्यंत कट होत नाही.